चिपची चर्चा दिल्लीत, बियाण्याची किल्ली कर्जतमध्ये. भातात आपण किती स्वावलंबी?

शेलू (ता. कर्जत) : देशी चिप, देशी ४जी अशा बातम्या रोज मोबाइलवर येतात. बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला सुरू झालं, तेव्हा त्याचं कौतुकही झालं. पण कर्जत-खालापूरच्या खाचरांत ज्या तंत्रज्ञानावर वर्षाचं पोट ठरतं, ते या चर्चेत सहसा येत नाही. ते म्हणजे भाताचं बियाणं.

शेलूहून लोकलनं नेरळ, भिवपुरी मागे टाकलं की कर्जत. तिथलं भात संशोधनाचं केंद्र १९१९ सालचं. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत’ नावानं विकले जाणारे भाताचे वाण इथलेच.

घरचं बी चालतं ते वाण

कर्जत-३, कर्जत-७ हे हळवे, कर्जत-५ निमगरवा, कर्जत-२ गरवा. हे सगळे सुधारित वाण. यांचं बी शेतकऱ्याला घरी राखता येतं. भेसळ होऊ दिली नाही तर दोन-तीन वर्षं तेच बी चालतं, मग नवं प्रमाणित बियाणं घ्यायचं. इथं शेतकरी दरवर्षी दुकानावर अवलंबून नाही.

कायदाही बाजूनं आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं बी राखणं, पेरणं, अदलाबदल करणं आणि विकणं हा शेतकऱ्याचा हक्क मानला. फक्त ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये सूचनांसाठी खुला केला. त्यातही हा हक्क ठेवला आहे.

संकरित : उतारा जास्त, खरेदी दरवर्षी

संकरित भात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पिकवला चीननं, १९७० च्या दशकात. कर्जतच्या केंद्रानं ‘सह्याद्री’ हा आपला संकरित भात १९९८ मध्ये दिला. मात्र त्यासाठी लागणारा मादी वाण फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेकडून आलेला होता. म्हणजे संकर आपला, पण एक धागा बाहेरचा.

शेतकऱ्यासाठी अडचण वेगळी. संकरित भाताचं घरचं बी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, उतारा घटतो. त्यामुळे दरवर्षी पिशवी विकत घ्यावीच लागते. ती विद्यापीठाची असो की खासगी कंपनीची, खर्च चुकत नाही.

नवं भात आपलं, कात्री कुणाची?

४ मे २०२५ ला केंद्रानं जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यातला ‘कमला’ हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचा. तो मूळ सांबा मसुरीपेक्षा सुमारे २० दिवस आधी तयार होतो, असं संस्थेचं म्हणणं आहे. यात बाहेरचं जनुक घातलेलं नाही, भाताच्याच जनुकात नेमका बदल केला आहे.

पण तो बदल करणारी ‘क्रिस्पर’ नावाची कात्री परदेशी संस्थांच्या पेटंटखाली आहे. बियाणं बाजारात विकायचं तर त्या परवान्याचा प्रश्न येतो. भात आपला, शास्त्रज्ञ आपले, तरी अडवणूक होऊ शकते ती इथं. म्हणूनच कटकच्या भात संशोधन संस्थेचं काम महत्त्वाचं. तिथल्या शास्त्रज्ञांनी ‘टीएनपीबी’ ही पर्यायी कात्री विकसित केली आणि २०२५ मध्ये तिला भारतीय पेटंट मिळालं. ४जीच्या बाबतीत जे झालं, तेच इथं व्हायला हवं : वस्तूसोबत ती घडवणारं हत्यारही आपलं हवं.

शेतकऱ्यानं काय करावं?

हळवं, निमगरवं की गरवं हे जमीन आणि पाणी बघून ठरवा. दुकानात एक प्रश्न जरूर विचारा : हे सुधारित की संकरित? सुधारित असेल तर चांगल्या खाचरातलं बी वेगळं राखा. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका. वर तरंगणारं पोचट बी काढा, तळाचं स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत सुकवा. संकरित घेतलं तर पक्कं बिल, पिशवी आणि टॅग पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तालुका कृषी कार्यालयात तक्रार करताना तोच पुरावा लागतो.