विहाराचें धरण आणि खालचीं खाचरें

महाड-पोलादपूरकडील वरकस जमिनींत ओहोळ अडवून कोणी विहारासाठीं मातीचें लहानसें धरण बांधलें, तर तें त्याच्या मालकीचें खरें. परंतु धरण फुटल्यावर पाणी सातबारा पाहून वाहत नाहीं. तें खालच्या खाचरांतून व घरांतूनच जाणार.

चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील मातीचें धरण २ जुलै २०१९ च्या रात्रीं फुटलें व वीसांहून अधिक माणसें दगावलीं. गळतीची तक्रार ग्रामस्थांनीं आधींच केली होती. तें तर सरकारी धरण. खासगी धरणाची गळती कोणाच्या दप्तरीं नोंदवावी? २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यांत १५ मीटरांहून उंच, आणि १० ते १५ मीटरांपैकीं कांहीं ठराविक धरणेंच येतात. त्याहून लहान धरण त्याबाहेर राहतें.

मातीचा बांध बहुधा आधीं खूण देतो. पाझर गढूळ येऊं लागला म्हणजे आंतील माती वाहूं लागली असें समजावें. झाडांचीं मुळें व खेकड्यांचीं बिळें पाण्यास वाट देतात. सर्वांत घातक खोड म्हणजे तलाव भरलेला दिसावा म्हणून सांडव्यास फळ्या लावणें. अतिवृष्टींत पाणी बांधावरून जातें व बांध धुपून जातो.

आमचें मत असें कीं, दरवर्षीं मृगापूर्वीं खालच्या शेतकऱ्यांनीं ग्रामपंचायतीमार्फत मालकास बोलावून बांध पाहावा, दोषांची लेखी नोंद करून त्यावर त्याची सही घ्यावी, व सांडवा मोकळा करण्याचा आग्रह धरावा. खर्चाची सबब ऐकूं नये. ज्यास विहार हवा, त्यानेंच राखण करावी. जुलै २०२१ मध्यें सावित्रीच्या पुरानें महाड बुडालें. तो पाऊस अडविणें आपल्या हातीं नव्हतें. हा बांध पाहणें आहे.