नाव परदेशी, जीभ आपली



बंगळूर शहरातील कॅमेऱ्याच्या एखाद्या दुकानात घटकाभर उभे राहिले, तर एकाच वस्तूची तीन-चार नावे आपल्या कानी पडतील. एक गिऱ्हाईक ‘निकॉन’ मागते, दुसरे ‘नायकॉन’. कोणी ‘कॅनन’ची किंमत विचारतो, कोणी ‘क्यानान’ची. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणारी कुटुंबे ज्या नगरात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आली आहेत, तेथे असे घडावे यात नवल कसले? नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. एवढ्याशा उच्चारभेदावरून माणसे एकमेकांना हसतात, आणि ज्याला हसले जाते तो पुढचा प्रश्न विचारण्याचे टाळतो. अशा संकोचापायी कोणी नको ती वस्तू घेऊन घरी परततो, तर कोणी शिकण्याची हौसच सोडून देतो. म्हणून या साध्या दिसणाऱ्या विषयाचा आज थोडा विचार करू.

प्रत्येक भाषेचा कान वेगळा असतो. व्यंजनावर शब्द संपविणे कन्नड जिभेस फारसे रुचत नाही. म्हणून ती शेवटी एक हलका ‘उ’ जोडते. ‘बस’चे ‘बस्सु’ होते, ‘कार’चे ‘कारु’ होते आणि ‘फिल्म’चे ‘फिल्मु’. हे ऐकून आपल्याला हसू येते. परंतु ज्या जपानने आज जगभर कॅमेरे पोहोचविले, त्या देशाचे लोक ‘फिल्म’ला काय म्हणतात? ते म्हणतात ‘फिरुमु’. जपानी भाषेतही बहुतेक शब्द स्वरानेच संपतात आणि तिच्यात ‘ल’ हा स्वतंत्र ध्वनी नाही. त्यामुळे ‘लायका’ हा प्रसिद्ध जर्मन कॅमेराही तेथे ‘राइका’ होतो. चिकपेठेतील गृहस्थाचे ‘फिल्मु’ आणि टोकियोतील तंत्रज्ञाचे ‘फिरुमु’ एकाच नियमाने घडलेले आहेत. एकाला अडाणी म्हणावे आणि दुसऱ्याला कुशल, हा न्याय कोणता?

मराठी माणसाची जीभही कोठे अडते, तर कोठे सहज चालते. ‘लायका’ हे नाव ‘लाइट्स’ या आडनावातून आणि ‘कॅमेरा’ या शब्दातून बनले, आणि तो कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला. रोमन अक्षरे पाहून आपल्याकडे कोणी त्यास ‘लेइका’ म्हणतो, कोणी ‘लीका’. उलट ‘झाइस’ म्हणून आपण ओळखतो त्या जर्मन भिंगांच्या नावाचा मूळ उच्चार ‘त्साइस’ असा आहे, आणि त्याच्या आरंभीचा ध्वनी आपल्या ‘चूल’ किंवा ‘चमचा’ या शब्दांतील ‘च’च्या अगदी जवळचा आहे. जो ध्वनी कित्येक परदेशी विद्यार्थ्यांना घोकावा लागतो, तो मराठी मूल स्वयंपाकघरात आपोआप शिकते. मात्र तेवढ्यावरून कोणी मराठी माणसाला विद्वान ठरवीत नाही.

आता असे म्हणता येईल की नाव ज्याचे, त्याचाच उच्चार खरा मानावा. हे तत्त्व चांगले आहे, पण व्यवहारात ते किती टिकते ते पाहा. अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली ‘कोडॅक’ हे नाव योजले. ते कोणत्याही भाषेतून घेतलेले नव्हते. ‘के’ हे अक्षर त्यांच्या आवडीचे होते, म्हणून आरंभी आणि शेवटी तेच घालून त्यांनी हा शब्द जुळविला. नाव आखूड असावे आणि त्याचा चुकीचा उच्चार करणे कोणालाही शक्य होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. तरीही आपल्या घरांत ते ‘कोडक’ झाले, ‘कोड्याक’ झाले, आणि फिल्मची गुंडाळी मात्र प्रत्येकाला हवी तीच मिळत राहिली.

‘निकॉन’ची कथा याहून मौजेची आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या ‘निप्पॉन कोगाकु’ या जपानी कंपनीच्या नावातून हा शब्द घडला आणि १९४८ साली त्या नावाचा कॅमेरा बाजारात आला. जपानमध्ये त्याचा उच्चार ‘निकोन’च्या जवळ जातो. इंग्लंडात ‘निकॉन’ म्हणतात. अमेरिकेत ‘आयकॉन’ म्हणण्याच्या सवयीने लोक ‘नायकॉन’ म्हणू लागले, आणि कंपनीनेही तेथे तोच उच्चार स्वीकारला. जर्मनीत ‘झाइस इकॉन’ या कंपनीच्या नावाशी साम्य असल्यामुळे आक्षेप निघाला, तेव्हा तेथे काही काळ ‘निक्कोर’ हे नाव वापरावे लागले. खुद्द मालकच देशोदेशी वेगळा उच्चार मान्य करतो, तर आपण कोणाच्या वतीने भांडावे?

‘कॅनन’चा उगम तर आपल्याला अधिकच जवळचा वाटेल. १९३४ साली जपानमध्ये तयार झालेल्या पहिल्या नमुन्यास ‘क्वानॉन’ असे नाव दिले होते, आणि त्याच्या भिंगास बुद्धशिष्य महाकश्यप यांच्यावरून ‘कश्यप’ म्हटले होते. ‘क्वानॉन’ म्हणजे जपानी लोकांची करुणेची देवता. चीनमध्ये तिला ‘ग्वानयिन’ म्हणतात, आणि मुळात ती आपल्याकडील बौद्धांचा अवलोकितेश्वर. पुढील वर्षी कंपनीने ‘कॅनन’ हे सुटसुटीत नाव पसंत केले. म्हणजे भारतातून निघालेली एक कल्पना चीन आणि जपान ओलांडून, प्रत्येक मुक्कामी उच्चार बदलत, कॅमेऱ्यावर बसून आपल्या घरी परत आली. ‘ग्वानयिन’ या चिनी शब्दाचा अर्थ आहे ध्वनी जाणणारा, म्हणजे जगाची हाक ऐकणारा. बोलणाऱ्याची जीभ तपासण्याआधी त्याची हाक ऐकावी, एवढा बोध या नावापासून घेण्यास हरकत नसावी.

बंगळूरला छायाचित्रकलेची जुनी परंपरा आहे. जी. के. वेल यांचा स्टुडिओ तेथे १९१० पासूनचा. अरण्यातील पशुपक्ष्यांची छायाचित्रे घेऊन देशोदेशी मान मिळविलेले टी. एन. ए. पेरुमाळ याच नगरातले. २०१७ साली ते निवर्तले. त्यांची चित्रे पाहताना ते आपल्या कॅमेऱ्याचे नाव कसे उच्चारीत, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातील फोनात आला आहे, आणि त्याबरोबर नवी नावेही आली आहेत. ‘शाओमी’ या चिनी नावास कोणी ‘झिओमी’ म्हणतो, कोणी ‘क्झिओमी’. त्याचा अर्थ ठाऊक असेल तर आपला परकेपणा कमी होईल. शब्दशः ‘लहान दाणा’ असा अर्थ असलेला हा चिनी शब्द आपल्या राळ्यांसाठी वापरतात. कर्नाटकात त्याच धान्यास ‘नवणे’ म्हणतात.

तेव्हा घरी काय करावे? आजोबा ‘याशिका’ला ‘यशिका’ म्हणाले, तर नातवाने पाहुण्यांदेखत त्यांना टोकू नये. घरातील बारशांची आणि लग्नांची चित्रे त्याच कॅमेऱ्याने टिपलेली असतात. नीट उच्चार ठाऊक असेल तर आपल्या बोलण्यात तो सहज वापरावा. ऐकणाऱ्यास पटला तर तो आपणहून उचलील. मुलांनी विचारले तर नावामागची गोष्ट सांगावी, कारण नुसती दुरुस्ती विसरली जाते आणि गोष्ट लक्षात राहते.

एक भेद मात्र अवश्य पाळावा. कंपनीच्या नावास मन नसते, माणसाच्या नावास असते. शेजारच्या तमिळ मुलीचे किंवा वर्गातील कन्नड मुलाचे नाव आपण वाकडे उच्चारले, तर ते त्यांना लागते. आपल्या ‘ज्ञानेश्वर’मधील ‘ज्ञ’ही उत्तरेकडे निराळा आणि दक्षिणेकडे निराळा उच्चारला जातो. तेव्हा एकदा विचारून घ्यावे, दोनदा म्हणून पाहावे, चुकले तर पुन्हा विचारावे. शहरांच्या बाबतीतही तेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बंगलोर’चे अधिकृत नाव ‘बेंगळूरु’ झाले, म्हणजे तेथील लोक ज्या नावाने आपल्या गावाला हाक मारीत आले तेच सरकारी कागदावर चढले. त्या नावातील ‘ळ’ इंग्रजी जिभेस जड जातो. मराठी जिभेस तो जन्मापासून ठाऊक आहे. शेजाऱ्याच्या गावाचे नाव त्याच्यासारखे म्हणण्याची ही संधी आपल्याला विनासायास लाभली आहे, ती आपण दवडू नये.