48 मिनिटं कुणाच्या खात्यातून?



चातुर्मास लागला की आपल्यात नियम घ्यायची लगबग सुरू होते. कुणी पालेभाजी सोडतं, कुणी एकाशन धरतं, कुणी रोज एक रस सोडतं. परवा मंदिरात एकीने विचारलं, "काकू, तुमचा काय नियम यंदा?" म्हटलं, "रोज 48 मिनिटं अभ्यास. गेली तीन वर्षं तोच आहे." ती हसली. "पण त्यात सोडलं काय तुम्ही?"

प्रश्न तिने चेष्टेत विचारला, पण मला तो घरी येईपर्यंत पुरला.

स्वाध्याय हे आपल्याकडे तपच आहे, सहा अंतरंग तपांपैकी एक. उपवास बाह्य तपात येतो. तरी दशलक्षणात दहा उपवास केले की पारणं थाटात होतं, आणि कुणी वर्षभर नेटाने एक ग्रंथ वाचला तर घरातल्यांनाही पत्ता नसतो. थाट नकोच, पण वेळ? आपण स्वाध्यायाला कामं उरकून उरेल तो वेळ देतो. आणि कामं उरकून वेळ उरला, असं माझ्या 42 वर्षांच्या संसारात एकदाही झालेलं मला आठवत नाही. मुलांच्या दहावीनंतर बघू, लग्नांनंतर बघू, सासूबाईंचं आजारपण निघू दे, असं म्हणता म्हणता साठी आली.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार दिलेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. आपण पर्वात दहाही अध्यायांचा पाठ घडाघडा म्हणतो, म्हणजे आम्नाय झाला. धर्मोपदेश तर सकाळी सहापासून व्हॉट्सअॅपवर चालूच असतो. मधलं विचारणं आणि मनात घोळवणं कुठे गेलं? अर्थ विचारायला बसलं की वेळ लागतो, म्हणून ते गेलं.

48 मिनिटांचं माप मी सामायिकाकडून उसनं घेतलं. सामायिकाची बरोबरी नाही करत, पण एक मुहूर्त बसायचं म्हणजे बसायचं, मध्ये उठायचं नाही, ही सवय आपल्या बायकांना असते. तीच वापरायची. पाच दिवस तत्त्वार्थसूत्र, एका वेळी एकच सूत्र, अर्थासकट. दिगंबर पाठात 357 सूत्रं आहेत, म्हणजे वर्षभरात संपेल असा माझा हिशोब होता. पहिल्या अध्यायाच्या 33 सूत्रांनीच चार महिने खाल्ले. बी.कॉम.चा हिशोब!

उरलेले दोन दिवस मोडी. माळ्यावर आमच्या दुकानाच्या जुन्या कीर्द-खतावण्या होत्या, त्या रद्दीत जाणार होत्या. मोडीत आधी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही. सुरुवातीला नुसती डोकेदुखी. आता नावे-जमेची पानं लागतात मला. एक अख्खी वही वाचून झाली. त्यात हमाल आहे, गाडीवाला आहे, मंदिराची देणगी आहे, घरखर्चाची रक्कम आहे. तो घरखर्च चालवणाऱ्या आजेसासूबाईंचं नाव कुठेच नाही.

इथवर सगळं कौतुकाचं वाटेल. आता पुढचं.

मी सकाळी आठची वेळ धरली होती. दर्शन झालेलं, डोकं ताजं. पण आठ ही आमच्या घरात डब्यांची, नातवाच्या शाळेच्या बसची आणि भांडीवालीची वेळ. मी दार लोटून बसायची आणि बाहेर सून एकटी. ती कधी एका शब्दाने बोलली नाही. दोन वर्षं असं चाललं. मग सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताच्या अतिचारांचं सूत्र आलं. पाच अतिचार: बांधणं, मारणं, अवयव छेदणं, अन्नपाणी तोडणं, आणि अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर ओझं लादणं. हे गुराढोरांचं, असं म्हणून मी पान उलटणार होते. बाहेर कुकरची शिट्टी होत होती, नातू रडत होता आणि सून एका हाताने बहुतेक पोळी लाटत होती. मी पुस्तक मिटून बाहेर गेले.

जमेला काही दाखवलं तर नावे कुणाच्या तरी पडतंच. माझी 48 मिनिटं तिच्या खात्यातून निघत होती. मला ज्यांनी कधी तास दिला नाही, त्यांच्यावर मी आयुष्यभर मनात रागावले, आणि संधी मिळताच मीही तेच केलं.

म्हणून माझं म्हणणं असं की अभ्यासाचा नियम एकटीने घेऊच नये. घर बसवून घ्यावा. आपल्याकडे एक सोय आहे, ती आपण वाया घालवतो. सूर्यास्तापूर्वी जेवणं होतात. शेजारणीच्या घरी आठला कणीक भिजत असते, तेव्हा आपला ओटा पुसून झालेला असतो. ती संध्याकाळ आपण मालिकांना देऊन टाकली.

आता साडेसात ते आठ अठरा माझी वेळ, साडेआठ ते नऊ अठरा सुनेची. ती जर्मन शिकते. "त्याचा काय उपयोग?" हे मीही मनात म्हटलं होतं, कबूल करते. मग मोडीचा तरी काय उपयोग! ह्या वेळात नातू आजोबांकडे. मुलगा दुकानातून उशिरा येतो, रात्री जेवतो, त्याचं मला वाईट वाटतं, पण तो विषय वेगळा. पहिले पंधरा दिवस तो ताटावर बसून कुणी वाढेल म्हणून वाट बघत राहिला. मी आतून ऐकत होते, उठायला पाय शिवशिवत होते. नाही उठले. आता स्वतः वाढून घेतो, ताटही धुतो.

तर सोडलं काय, याचं उत्तर उद्या मंदिरात तिला देणार आहे: सकाळी आठची वेळ सोडली. त्या वेळी आता मी पोळ्या लाटते. सूत्रं मात्र अजून आठव्या अध्यायातच आहेत.