राज्य तुमचं, जागा आमची

खिडकीपलीकडच्या बाईंनी माझा अर्ज परत सरकवला आणि पेनाच्या टोकानं एक रिकामा रकाना दाखवला. सेवा समाप्तीची तारीख.

"वडील कामावरून कधी निघाले?"

"निघाले नाहीत."

"मग काढलं का?"

"तसं पत्र कधी आलं नाही."

"रिटायर झाले?"

"संपावर गेले, बाई. १८ जानेवारी १९८२ ला."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वडील वारीला गेले ते अजून पंढरपुराहून परतलेच नाहीत असं मी सांगत होतो. "तारीख टाकून आणा," त्या म्हणाल्या. "त्याशिवाय अर्ज पुढे जात नाही."

कचेरी कुठली, ते सांगत नाही. बाईंचा काही दोष नव्हता. पण मी जिने उतरलो तो त्या रकान्याशी भांडतच. माझ्या तीन पिढ्या ज्या मातीत राबल्या, त्या मातीवर आपला हक्क आहे हे तिथलंच सरकार आम्हाला सिद्ध करून दाखवायला सांगतंय. आणि हे आजचं नाही.

शीव स्टेशनावरून रोज हजारो माणसं जातात, पण शीव म्हणजे हद्द हे किती जणांच्या ध्यानात असतं? मुंबई बेट तिथं संपायचं. शहराची खरी शीव तर त्याच्याही बरीच अलीकडे होती. भायखळा मागे पडलं की खाजणं, भातखाचरं आणि नारळीच्या वाड्या. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीचा घाट घातला, १८५६ मध्ये ती सुरू झाली आणि मग धुरांडी उत्तरेला सरकत परळ-लालबागला येऊन ठेपली. परळला तेव्हा गव्हर्नरसाहेबांचा वाडा होता. साहेब पुढे मलबार हिलच्या हवेवर गेले आणि त्यांच्या वाड्यात १८९९ साली प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. थोडक्यात, राज्यकर्ते जिथून उठून गेले तिथं आम्ही राहायला आलो.

आमचे आजोबा मुसाकाजीच्या बंदरातून बोटीनं आले. सोबत वळकटी आणि पत्र्याची ट्रंक. गावकीच्या गाळ्यात तीस माणसं, झोपायची जागा दहांची. पहिल्या पाळीचे उठले की तिसऱ्या पाळीचे त्याच जागेवर आडवे होत. सरकारनं कामगारांसाठी म्हणून बांधलेल्या बीडीडी चाळीतली खोलीसुद्धा १६० चौरस फुटांची. वस्ती म्हणतात ती ही अशी झाली. आज ज्या पत्त्यावर 'अपर वरळी' आणि 'साउथ मुंबई' अशा पाट्या लागल्यात, तो पत्ता आमच्या लोकांच्या छातीत साठलेल्या कापसाच्या तंतूंनी तयार झालाय.

शिवेवर वसलेली माणसं आणि लांब बसलेलं सरकार यांचं जमत नाही, हे जगात सगळीकडे दिसतं. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा होता. ओसाड मुलूख भरायला मेक्सिकोनं १८२० च्या दशकात अमेरिकेतून माणसं बोलावली आणि गुरं पाळणाऱ्या एकेका कुटुंबाला ४,४२८ एकर जमीन दिली. माणसं डोईजड झाल्यावर सरकारला धास्ती पडली आणि ६ एप्रिल १८३० च्या कायद्यानं नवी वसाहत बंद झाली. ऑक्टोबर १८३५ मध्ये गोंझालेस गावाला दिलेली एक तोफ सरकारनं परत मागितली. गावकऱ्यांनी ती दिली नाही, उलट तीच डागली. पुढच्या मार्चमध्ये स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर झालं. ही माणसं संत नव्हती. मेक्सिकोनं गुलामगिरी बंद केली होती आणि यांना गुलाम हवे होते. त्यांच्या नव्या राज्यघटनेनं गुलामगिरीला संरक्षण दिलं. तेव्हा त्यांचं कौतुक मला नको. मला फक्त एवढंच दिसतं की ते सरकारवर उलटले तेव्हा जमिनीचे कागद त्यांच्या खिशात होते. आमच्या खिशात होता गिरणीचा तिकीट नंबर.

बाकी बंडाला आम्ही काही कमी पडलो नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून अर्जविनंत्या केल्या, तेव्हा १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तर गिरणगावानं सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या आणि गोळ्या खाल्ल्या. १९२८ मध्ये लाल बावट्याखाली सहा महिने संप झाला. तोवर गोळी घालणारा गोरा होता, म्हणून चीड यायची पण नवल वाटायचं नाही. नवल वाटलं ७ नोव्हेंबर १९३८ ला. सरकार काँग्रेसचं, आपलं म्हणवणारं. त्यानं संपावर बंधनं आणणारं विधेयक मांडलं. त्याविरुद्ध बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले, एक दिवसाचा संप झाला, आणि गोळीबारही झाला. १९४६ च्या फेब्रुवारीत नाविकांच्या उठावाला साथ दिली म्हणून परळ-लालबागला लष्कराच्या गोळ्या आल्या. आणि त्याच वर्षी कायदा आला तो असा, की एका उद्योगाला मान्यताप्राप्त युनियन एकच. ती म्हणजे काँग्रेसच्या हातातला राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार कुणाच्याही मागे गेले तरी मालकाशी बोलणार तीच. स्वराज्यात आम्हाला मत मिळालं, तोंड मात्र उसनं मिळालं.

मग आलं १९५५. राज्य पुनर्रचनेच्या घोळात मुंबई, महाराष्ट्र आणि गुजरात अशा तीन राज्यांचा तोडगा निघाला. मुंबईत मराठी माणूस कामाला चालत होता, मालक म्हणून चालत नव्हता. २० नोव्हेंबरला चौपाटीच्या सभेत मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांनी मुंबई कदापि महाराष्ट्राला मिळणार नाही असं बजावलं. पाटलांनी तर त्यासाठी चंद्र-सूर्याला साक्षीला काढलं. लोकांनी दगड-जोड्यांनी सभा उधळली. दुसऱ्या दिवशी गिरण्या बंद झाल्या आणि मोर्चा विधिमंडळाकडे निघाला. फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. पंधरा माणसं गेली. आजोबा रात्री एकाच पायात चप्पल घालून परतले आणि दुसरी कुठे गेली हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही.

१६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करत असल्याचं जाहीर केलं आणि आठवडाभर गिरगाव, ठाकूरद्वार, लालबाग, परळ पेटले. पोलीस चाळींच्या गॅलऱ्यांवर गोळ्या झाडत होते. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. अत्रे, डांगे, एसेम, प्रबोधनकार ही एकमेकांचं पाणीही न पिणारी माणसं एका व्यासपीठावर आली. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचे आवाज लाउडस्पीकरशिवाय नाक्यापर्यंत पोचत. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसला पाणी पाजलं. १०६ माणसांच्या रक्तावर १ मे १९६० उजाडला. याला क्रांती म्हणायला मला लाज वाटत नाही. दिल्लीच्या सरकारला आपला निर्णय गिळायला लावणं हे या देशात रोज घडत नाही.

इथपर्यंत कौतुक झालं. आता खरं बोलतो, आणि माझ्याच माणसांना बोलतो.

आपण नकाशा जिंकलो आणि आनंदात जमीन विसरलो. मंगल कलश आला, त्याला हळदकुंकू वाहिलं, पण आत काय आहे ते कुणी डोकावून पाहिलं नाही. बेळगाव, कारवार, निपाणी त्यात नव्हती. आणि गिरणगावाची एक वीतभर जागाही नव्हती. राज्य मराठी झालं, मंत्री मराठी झाले, फायलींवरचे शेरे मराठी झाले. खोलीचं भाडं मात्र त्याच मालकाला जात राहिलं आणि युनियनचा तो कायदा तसाच राहिला. हुतात्मा चौकात मशाल धरून कामगार आणि शेतकरी उभे राहिले. फोर्टात कायमची जागा मिळालेला हा एकमेव कामगार, तोही पुतळा.

पुढचं पाप याहून मोठं. मालकाला जाब विचारायचा तो आपण शेजाऱ्याला विचारला. शिवेवर आधी पोचलेला माणूस मागून आलेल्याला उपरा म्हणायला लागला. लुंगीवाल्याच्या इडलीच्या दुकानावर दगड गेले, गिरणीच्या फाटकावर गेले नाहीत. आपण येण्याआधी इथं कोळी होते हे आठवण्याची गरज कुणाला भासली नाही. ५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. त्या दिवशी मालकांच्या घरी किती निवांत झोप लागली असेल! चौदा वर्षांपूर्वी एका मोर्चात असलेली चाळ दोन रंगांत वाटली गेली होती.

म्हणून १९८२ मध्ये दत्ता सामंतांमागे अडीच लाख माणूस बाहेर पडला तेव्हा लढायला हिंमत होती, मागे उभं राहायला कुणी नव्हतं. मागणी पगाराची होती आणि त्या उसन्या तोंडाचीही होती. मराठी राज्य, मराठी मुख्यमंत्री, पण कायद्याचं कलम हललं नाही. त्याच ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनीही बंड केलं, कारण नायगाव-वरळीच्या त्याच चाळींत तेही राहत होते आणि आमच्याइतकेच पिचले होते. त्यांचंही बंड मोडलं. आईनं खाणावळ घातली, बहिणीची शाळा सुटली, वडील गावी जाऊन भात लावून परत आले आणि नाक्यावर बसून राहिले. यात वेगळं काही नाही. त्या वर्षी प्रत्येक खोलीत हेच झालं.

कापूस संपला आणि जमिनीचा हंगाम सुरू झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जागा विकायची तर एक तृतीयांश पालिकेला मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. सुमारे ६०० एकरांचा प्रश्न होता. चार्ल्स कोरियांच्या समितीनं १९९६ मध्ये आराखडाही दिला. मग २००१ मध्ये एक दुरुस्ती झाली. वाटणी होणार ती फक्त मोकळ्या जागेची. आता गिरणीच्या आवारात मोकळं असतं काय? शेडला लागून शेड. तीन वाटण्यांचं जेवण होतं, पानात मिठापुरतं उरलं. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये ही दुरुस्ती अडवली, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. यात सगळ्या रंगांची सरकारं आलटून पालटून होती, म्हणून एका पक्षाला शिव्या देऊन मोकळं होण्याची सोय नाही. दादरची कोहिनूर क्रमांक ३ ची जागा २००५ मध्ये ४२१ कोटींना गेली आणि घेणाऱ्यांत मराठी अस्मितेच्या राजकारणातली घराणीही होती. भूमिपुत्रांना भूमी मिळाली नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. काहींना मिळाली.

कुणी म्हणेल, जमीन मालकाची होती, त्यानं विकली, तुमचं पोट का दुखतं? काही गिरण्यांच्या जागा भाडेपट्ट्याच्या होत्या, ते सोडून देऊ. पण गिरणी चालवायला म्हणून मिळालेली परवानगी मॉलला कशी चालली? चटईक्षेत्र हे मालकाच्या वडिलांनी पेरलेलं पीक नव्हे, सरकारनं कागदावर वाढवून दिलेली चीज आहे. सरकार जे फुकट वाढवून देतं, त्यात राबणाऱ्याचा वाटा मागणं ही भीक नाही.

गिरणी कामगारांना आता सांगतात, घर हवं ना? वांगणी घ्या, शेलू घ्या. म्हणजे पुन्हा शीव. आजोबांनी परळची खाजणं वस्तीला आणली, आता नातवानं उल्हास नदीच्या काठची शेतं वस्तीला आणावी. घर नाकारलं तर हक्क गेला, असं कलमही २०२४ च्या शासन निर्णयात घातलं होतं. ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानात म्हातारे कामगार त्याविरुद्ध भर पावसाळ्यात जमले होते. अर्ज दीड लाखाच्या आसपास, लॉटरीत घर लागलेले काही हजार.

आणि मुंबईत जागाच नाही, हे मला सांगू नका. वरळीच्या बीडीडी चाळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची घरं मिळाली, तीही जागच्या जागी. ती माणसं खोलीला चिकटून राहिली म्हणून मिळाली. सरकारच्या हातात असलेल्या बंद गिरण्यांच्या जागा अजून शिल्लक आहेत. त्यातली एकही चौकट लिलावात काढण्याआधी दीड लाखांची यादी पुढ्यात घ्या. बाकीचं भाषण १ मेला हुतात्मा चौकात करा, आम्ही ऐकायला येऊ.

राहिला तो रकाना. मी जुनी कात्रणं चाळली, वडिलांच्या संघटनेतल्या जुन्या माणसांना विचारलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप अधिकृतपणे मागे घेतल्याची घोषणा आजवर झालेली नाही. तेव्हा परवा पुन्हा त्या खिडकीशी गेलो आणि सेवा समाप्तीच्या तारखेपुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं: संप चालू आहे.