फुकटचं घर, पण किल्ली आपली

माझं चार वर्षांचं लिखाण एका रात्रीत गेलं. अकाउंट लॉक झालं आणि दाद मागायला पलीकडे माणूसच नव्हता. तरी मित्र मलाच विचारतात, 'स्वतःची वेबसाइट? एवढा खटाटोप कशाला?'

खटाटोप कसला? कविता साध्या टेक्स्ट फाइलीत लिहायची, गिटहबवर पुश करायची. पुढचं 'गिटहब अ‍ॅक्शन्स' बघतं: ह्यूगो त्या फाइलींची एचटीएमएल पानं बनवतो आणि एखाद-दोन मिनिटांत ती गिटहब पेजेसवर दिसतात. डेटाबेस नाही, सर्व्हरचं भाडं नाही. साइटला मर्यादा १ जीबीची. नुसत्या कवितांनी ती भरून दाखवा!

'फुकट आहे म्हणजे उद्या बंद पडेल' हा आक्षेप मात्र खरा. याहूने २००९मध्ये जिओसिटीज बंद केलं, तेव्हा लोकांनी हौसेने सजवलेली पानंही उतरली. २०१८पासून गिटहब मायक्रोसॉफ्टचं आहे, ती काही धर्मशाळा नव्हे. पण इथे प्रत्येक फाइल, जुन्या खाडाखोडीसकट, माझ्या लॅपटॉपवरही असते. (फुकट खात्यात त्या खाडाखोडी जगालाही दिसतात. दिसू देत.) उद्या हाकललं तर तेच फोल्डर उचलून नेटलिफायवर नेईन. डोमेन तेवढं विकत घ्या, तिथे चिंगूसपणा नको. पत्ता आपला असला की घर बदललेलं वाचकाला कळतही नाही.

लाइक्स मिळत नाहीत, कबूल. गेल्या आठवड्यात एकच मेल आला: 'ऊन'मधला ऊ ऱ्हस्व पडलाय. दुरुस्त केला, पुश केलं. चहा गाळेपर्यंत साइटवरचं ऊन दीर्घ झालं होतं.