स्त्रीबीजांची शिल्लक आणि जनुकाचा लगाम

मूल न होण्याचा दोष स्त्रीच्या माथी मारण्याची आपल्या समाजाची खोड जुनी आहे. नवस आणि गंडेदोरे यांच्या जोडीला आता वंध्यत्वावर उपचार करणारी केंद्रे आली, एवढाच काय तो फरक. दोषारोपाची जागा ज्ञानाने घ्यावयाची असेल, तर जीवशास्त्राने या प्रश्नावर टाकलेला प्रकाश सुशिक्षितांनी तरी समजून घ्यावयास हवा.

स्त्री आपल्या बीजांची पुंजी जन्मतःच घेऊन येते. जन्मसमयी अंडाशयांत सुमारे १० ते २० लाख सुप्त बीजपुटिका असतात. वयात येईपर्यंत त्यांतील ३ ते ४ लाखच उरतात. उभ्या आयुष्यात परिपक्व होऊन बाहेर पडणारी बीजे जेमतेम ४०० ते ५००. या पुंजीत नवी भर पडत नाही, असेच सामान्यतः मानले जाते. साहजिकच, ती किती वेगाने खर्च होते, यावर सारे अवलंबून राहते.

या खर्चावर लगाम ठेवणाऱ्या घटकांत ‘पीटेन’ नावाचे जनुक महत्त्वाचे आहे. त्याचा शोध १९९७ साली लागला तो कर्करोगाच्या संशोधनातून. पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणे हे त्याचे काम. ते निकामी झाले की गर्भाशयाच्या अस्तराचा आणि इतरही कर्करोग संभवतो. परंतु २००८ साली स्वीडनमधील उमिओ विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या मादीच्या बीजपेशींतून हे जनुक काढून टाकले, तेव्हा निराळेच दृश्य दिसले. सर्व सुप्त पुटिका एकदमच जाग्या झाल्या आणि ऐन तारुण्यात अंडाशय रिकामे झाले. मुद्दल एका दिवसात उधळून टाकणाऱ्या वारसासारखीच ही गत!

या ज्ञानाचा उलट उपयोगही झाला. चाळिशीपूर्वीच अंडाशयाचे कार्य थांबण्याची आपत्ती शंभरातील सुमारे एका स्त्रीवर येते आणि बहुसंख्य वेळा तिचे कारण सापडत नाही. २०१३ साली जपानमधील डॉ. काझुहिरो कावामुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २७ स्त्रियांच्या अंडाशयांतील ऊती शरीराबाहेर घेऊन, ‘पीटेन’चा लगाम दोन दिवस औषधांनी सैल केला व त्या पुन्हा शरीरात रोवल्या. पाच जणींकडून परिपक्व बीजे मिळाली. अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत एकीला मूल झाले होते.

हे यश मोलाचे आहे. पण २७ मध्ये पाच आणि पाचांत एक, हे प्रमाणही तितकेच बोलके आहे. शिवाय जो लगाम सैल करावयाचा, तोच कर्करोगाला रोखणारा आहे. म्हणूनच ते काम शरीराबाहेर आणि मोजक्या वेळापुरते करण्याची दक्षता घेतली गेली. अशा प्रयोगांच्या आधारे अंडाशयाला पुनर्यौवन देण्याची हमी कोणी विकू लागला, तर तो विज्ञानाचा व्यापार नव्हे, आशेचा सट्टा ठरेल.

२०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने यशाची शक्यता, खर्च व धोके यांची माहिती देणे केंद्रांना बंधनकारक केले आहे. मात्र कर्ज काढून उपचार घेणाऱ्या कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या कुटुंबाला ही माहिती सोप्या मराठीत, लेखी मिळाली नाही, तर ती तरतूद कागदावरच राहील. ग्राहकाला मालाचा दर्जा पारखता येत नाही, तेथे बाजाराची शिस्त पुरी पडत नाही, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक धडा आहे.

दुसरा धडा सार्वजनिक खर्चाचा. १९८६ साली मुंबईत टेस्ट ट्यूब बेबीचा जो प्रयोग यशस्वी झाला, तो महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय आणि शासकीय प्रजनन संशोधन संस्था यांच्या सहकार्यातून. कर्करोगाच्या जनुकाचा अभ्यास उद्या वंध्यत्वावर प्रकाश टाकील, हे कोणत्याही नफ्याच्या हिशेबात आधी मांडता येत नाही. म्हणूनच मूलभूत संशोधनाचा आणि सरकारी रुग्णालयांतील उपचारांचा भार शासनाने उचलला पाहिजे. तसे न झाल्यास हे ज्ञान श्रीमंतांच्या दारी जाईल आणि गरीब स्त्रीच्या वाट्याला तोच जुना बोल येईल.