उन्हाळ्यात पाखरांना आधी पाणी, मग कीटक; दाणा शेवटी

तंजावर परिसरात भाताच्या लोंब्यांचा गुंफलेला झुबका घराच्या दाराशी टांगण्याची जुनी रीत आहे. सुगीतला हा वाटा चिमण्यांचा. कोकणात नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात, देशावर ज्वारीची कणसे पाखरांसाठी टांगतात. त्यामुळे सतराव्या शतकात व्यंकोजी राजांच्या काळात कावेरीकाठी स्थिरावलेल्या मराठी कुळांना ही चाल परकी वाटली नसावी. रीत सुंदर आहे. परंतु उन्हाळ्यातील पक्षी-संगोपन केवळ मूठभर दाण्यांवर उभे करणे ही शास्त्रदृष्ट्या चूक ठरते.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचे वेळापत्रक पाहिले म्हणजे कारण उमगते. सांबा आणि ताळडी हंगामाचे भात मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारीत कापले जाते. 1934 मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणातून रूढ वेळापत्रकाप्रमाणे 12 जूनला पाणी सोडले जाते आणि 28 जानेवारीला बंद होते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात कालवे कोरडे, तळी आटलेली आणि बांध उघडे. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकत ते शरीराची उष्णता बाहेर टाकतात आणि त्यात पाणी खर्ची पडते. या काळात सांडलेला दाणा काही प्रमाणात मिळतो. पाणी मिळत नाही.

दुसरी उणीव कीटकांची. प्रौढ चिमणी धान्य खाते, पण पिलांना प्रामुख्याने अळ्या व मऊ कीटकच भरवते. सुगरणही पिलांच्या चोचीत कीटक देते. साळुंकी, कोतवाल, दयाळ, शिंपी यांचा तर मुख्य आहारच कीटक आहे. अंगणात दाणे टाकून परसातील प्रत्येक झुडपावर कीटकनाशक फवारणारा गृहस्थ एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो. कार्बोफ्युरानसारखी दाणेदार कीटकनाशके आणि प्रक्रिया केलेले बियाणे उघड्यावर सांडले, तर पक्षी ते धान्य समजून गिळतात.

यात शेतकऱ्याचे हितही गुंतलेले आहे. भात कापणीच्या 7 ते 10 दिवस आधी उभ्या पिकातच फोकून पेरलेले उडीद व मूग उन्हाळ्याच्या तोंडावर शेतात असतात. शेंगा पोखरणाऱ्या व पाने खाणाऱ्या अळ्यांचा बंदोबस्त कोतवाल आणि साळुंकी फुकट करतात. त्यांना बसायला जागा तेवढी हवी. हेक्टरी 20 ते 50 पक्षीथांबे उभारणे एकात्मिक कीड व्यवस्थापनात बसते. उंदरांसाठी या भागात बांबूचा धनुष्यसापळा पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. त्याच्या जोडीला गव्हाणी घुबडाला रात्री बसण्यासाठी उंच थांबे द्यावेत. ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर विष घुबडाच्या पोटात जाते. म्हणून सापळा आधी, विष नंतर.

पक्षी पिकाचे नुकसान करतात, हा आक्षेप खोटा नाही. पोपट व मुनिया पक्व दाण्यांवर तुटून पडतात. म्हणूनच भातात दाणे भरू लागताच थांबे काढावेत, आणि खाद्य शेतापासून दूर, थोडेच ठेवावे. धान्याचे ढीग टाकल्याने कबुतरांची गर्दी वाढते. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत उठलेला वाद ताजाच आहे. पक्ष्यांवरील माया आणि आरोग्याची काळजी यांत विरोध नाही, प्रमाण मात्र सांभाळावे लागते.

पाणी ठेवण्याचीही एक पद्धत आहे. मातीचे उथळ परळ घ्यावे, पाण्याची खोली दोन-तीन बोटांपेक्षा अधिक नसावी, मधे एखादा दगड ठेवावा. जागा सावलीची असावी. पण मांजराला दबा धरता येईल अशा दाट झुडपाला लागून नसावी. परळ रोज रिकामे करून घासावे. अनुकूल उष्ण हवेत एडिस डासाची अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत पुरी होते. रोज पाणी बदलणाऱ्याच्या परळात ती होत नाही. खाद्य द्यायचेच तर कच्ची कणी किंवा बाजरी, संध्याकाळपर्यंत संपेल एवढीच. खारवलेले, तळलेले वा आंबलेला भात देऊ नये.

तमिळनाडूत उन्हाळ्यात वाटसरूंसाठी ‘तण्णीर पंदल’ उभारतात. महाराष्ट्रात तिलाच पाणपोई म्हणतात. विस्तार कार्यकर्त्यांनी उन्हाळी मेळाव्यांत पक्ष्यांच्या पाणपोईला पीक-सल्ल्याइतकेच स्थान द्यावे, आणि प्रत्येक शेतकऱ्याने बांधाचा एक कोपरा फवारणीशिवाय, न जाळता, झाडझुडपांसाठी राखावा. दारावरच्या लोंब्या तर राहाव्यातच. त्यांच्या खाली पाण्याने भरलेले एक परळही असावे.